पार्श्वभूमी : 'दिव्यांग' हा शब्द कुणी कुणाला दिला?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही स्टँडअप कॉमेडियनना त्यांच्याच चॅनलवरून माफी मागायला सांगितलं. एका दुर्मीळ जनुकीय आजाराच्या रुग्णांची आणि एकूणच दिव्यांगांची त्यांनी थट्टा केली होती. या बातमीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. बहुतेकांनी 'दिव्यांग' हा शब्द असा सहज वापरला, जणू तो कायमच होता. दहा वर्षांपूर्वी याच शब्दावरून मोठा वाद झाला होता आणि तो मिटलेला नाही, फक्त बातम्यांतून गेला आहे.

जुन्या मराठीत या माणसांसाठी शब्दांची वाण नव्हती. आंधळा, पांगळा, लुळा, थोटा, मुका, बहिरा, तिरळा, बोबडा. सगळे आकारान्त, म्हणजे लिंग-वचनानुसार बदलणारे. मराठीत अशा विशेषणाला नपुंसकलिंग लावलं की माणूस क्षणात लहान होतो. 'तो आंधळा' ही माहिती असते, 'ते आंधळं' म्हटलं की त्यात कीव येते, बरेचदा तुच्छताही. म्हणींनी तर या शब्दांवर कायमचं घर केलं आहे. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, वासरांत लंगडी गाय शहाणी, आंधळा मागतो एक डोळा. भारुडांतून मुका, बहिरा, पांगळा ही परमार्थाची रूपकं झाली. पण रूपक झाल्यानं शब्दाची धार गेली असं नाही. गंमत म्हणजे हेच शब्द आडनावांत निमूट बसले. आंधळे, लंगडे आपल्या आसपास असतात आणि बोबडे आडनावाचे गृहस्थ तर देशाचे सरन्यायाधीश होऊन गेले. आडनाव ऐकून कुणी चमकत नाही. म्हणजे शब्दात विष असतं हे पूर्ण खरं नाही, शब्द कुणाच्या तोंडून आणि कुणाच्या पाठीमागे येतो यावर बरंच असतं. 'वेडा' घ्या. आई मुलाला 'वेडा रे वेडा' म्हणते, तोच शब्द दवाखान्याच्या दारावर लिहिला की माणूस जन्मभर त्या दाराशी अडकतो.

हे खटकायला लागल्यावर मराठीनं एक ठरलेला उपाय शोधला. देशी शब्द खाली ठेवायचा आणि संस्कृत शब्द वर काढायचा. आंधळ्याचा अंध झाला, मुक्या-बहिऱ्याचा मूकबधिर झाला, वेड्याचा मनोरुग्ण, महारोगाचा कुष्ठरोग. संस्कृत विशेषणाला मराठीत लिंगाचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे ते नपुंसकी हिणवणं आपोआप टळतं. हा फायदा खरा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण या उपायात एक खोट आहे. शब्द सभ्य झाला याचा निर्णय नेहमी बोलणारा घेतो, ज्याला तो चिकटतो त्याला विचारलं जात नाही. 'मूकबधिर'चं तेच झालं. ऐकू न येणाऱ्यांची खूण-भाषा असते, ते बोलतात, त्यांना मुके का म्हणायचं, हा साधा प्रश्न विचारायला बराच काळ जावा लागला. मग 'कर्णबधिर' आला. (बधिर म्हणजेच बहिरा, त्याला आणखी कानाची पुस्ती कशाला, हा भाषेच्या मास्तरांचा प्रश्न. मनाची बधिरता वेगळी ठेवायला, असं त्यावरचं उत्तर.)

कायद्यांची भाषा याहून सावकाश हलली. १९१२ च्या ल्युनसी कायद्यात ल्युनॅटिक म्हणजे 'इडियट किंवा अस्वस्थ मनाची व्यक्ती' अशी व्याख्या होती आणि तो कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बाजूला सारला जाईपर्यंत पुस्तकात होता. १८९८ चा लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात होतं, आजार औषधांनी बरा होऊ लागल्यावरही कित्येक वर्षं. वेड्यांच्या इस्पितळाची पाटी बदलून मनोरुग्णालय झालं, पण 'याला येरवड्याला पाठवा' हा विनोद पाटीकडे बघत नाही. गावाचं नावच शिवी होऊन बसलं की शब्दकोशाला करण्यासारखं फार उरत नाही. उलट उदाहरणही आहे. कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचणाऱ्या वरोऱ्याच्या संस्थेच्या नावात 'महारोगी' हा शब्द आजही आहे आणि तिथे गेलेल्या माणसाला तो टोचल्याचं सहसा ऐकू येत नाही.

बाहेरच्या जगातही हेच चालू होतं, तिकडे एका वाक्यात डोकावून येऊ. इडियट, इम्बेसाइल आणि मोरॉन हे १९१० च्या सुमाराला अमेरिकेत बुद्धिमापनाचे वैद्यकीय दर्जे होते, त्यांच्या जागी आलेला 'रिटार्डेड' आधी सौम्य मानला गेला आणि २०१० मध्ये तिथल्या कायद्यांतून काढावा लागला, तर ब्रिटनमधल्या एका जुन्या संस्थेनं १९९४ मध्ये आपल्या नावातला 'स्पॅस्टिक' सोडला, कारण शाळकरी पोरं तो शिवी म्हणून वापरत होती. आपल्याकडे 'मतिमंद'च्या जागी 'स्पेशल' आला आणि आता 'काय रे, स्पेशल आहेस का' हेही ऐकू येतं. शब्द घाण्याच्या बैलासारखा फिरून तिथेच येतो, कारण बदललेला असतो शब्द, नजर नव्हे.

आता मुख्य मुद्दा. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं वर्ष आपल्याकडे 'अपंग वर्ष' म्हणून साजरं झालं आणि सरकारी मराठीत 'अपंग' हा शब्द घट्ट रुजला. हा शब्द मुळात जरा गूढच आहे. 'पंगु' म्हणजे लंगडा, त्याच्यामागे 'अ' लावला तर अर्थ उलटा व्हायला हवा. 'अपांग'शी त्याचं नातं जोडावं, तर संस्कृतात त्याचा अर्थ अवयवहीन असाही होतो आणि डोळ्याचा कोपरा असाही. काहीही असो, १९९५ च्या केंद्रीय कायद्यानंतर महाराष्ट्रात अपंग कल्याण, अपंग प्रमाणपत्र, अपंग आरक्षण असे शब्द तयार झाले. त्या कायद्यात ७ प्रकार होते आणि नोकरीत ३ टक्के जागा. चळवळीतली माणसंही 'आम्ही अपंग' असं म्हणत मोर्चे काढत होती. म्हणजे ज्यांना तो शब्द लागला होता त्यांनी तो उचलून आपल्या फलकावर लिहिला होता. हे नंतरच्या चर्चेत सोयीस्करपणे विसरलं गेलं, असं माझं मत आहे.

डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला त्याला मान्यता दिली. त्या करारानं शब्दापेक्षा मोठी गोष्ट बदलली. अपंगत्व शरीरात नसतं, शरीरातली उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडते तिथे ते तयार होतं. चाकाच्या खुर्चीतला माणूस जिन्यापाशी अपंग होतो, उतारापाशी नाही. करार घडवताना जगभरच्या संघटनांची घोषणा होती, 'आमच्याबद्दल काहीही, आमच्याशिवाय नको.'

२७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी रेडिओवरच्या मासिक भाषणात सुचवलं की 'विकलांग' म्हणण्याऐवजी 'दिव्यांग' म्हणावं, कारण ज्याच्या एका अवयवात उणीव आहे असं आपल्याला दिसतं त्याच्यात दुसरी एखादी विशेष शक्ती असते. हेतू वाईट होता असं टीकाकारांपैकीही फारसं कुणी म्हटलं नाही. पण महिन्याभरातच अनेक अपंग हक्क संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी पत्र लिहून हा शब्द मागे घ्या म्हटलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आम्हाला देवत्व नको, रॅम्प हवा. अपंगत्वाला दैवी म्हटलं की ते पूर्वजन्मीच्या पापाच्या कल्पनेच्या नेमक्या समोरच्या टोकाला जातं, पण राहतं त्याच दोरीवर. देवाकडे कुणी हक्क मागत नाही, देवाला नमस्कार करून पुढे जातात. दुसऱ्या बाजूलाही माणसं होती आणि ती खोटी नव्हती. गावातल्या कित्येकांना 'लंगड्या' ऐवजी पहिल्यांदा एक आदराचा शब्द मिळाला आणि त्यांनी तो आनंदानं घेतला. शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना काय आवडतं यावर आमचा शब्द ठरू नये, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप वजनदार आहे. तरीही मला पहिली बाजू जास्त पटते, कारण दुसऱ्या बाजूलाही कुणी आधी विचारलं नव्हतंच. तिला शब्द मिळाला, तिनं तो निवडला नाही.

मराठीपुरती यात आणखी एक गुंतागुंत आहे. पंतप्रधानांनी नावं ठेवली होती ती हिंदीतल्या 'विकलांग'ला. मराठीत तो शब्द पुस्तकी होता, चलनात होता तो 'अपंग'. हिंदीतल्या दुरुस्तीबरोबर मराठीचा शब्द न विचारता बदलला गेला. शिवाय मराठीत 'दिव्य' म्हणजे केवळ स्वर्गीय नव्हे. दिव्य करणं म्हणजे तापलेल्या लोखंडाला हात लावून आपलं खरेपण सिद्ध करणं, दिव्यातून जाणं म्हणजे जिवावरच्या कसोटीतून जाणं. या अर्थानं पाहिलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत, लिफ्ट बंद असताना, दाखल्यासाठी चढणाऱ्या माणसाला दिव्यांग म्हणणं अगदी चपखल आहे. परिपत्रक काढणाऱ्यांच्या मनात हा अर्थ नसावा.

पुढे सगळं वेगानं झालं. मे २०१६ मध्ये केंद्राच्या विभागाच्या नावात 'दिव्यांगजन' आलं. डिसेंबर २०१६ मध्ये नवा कायदा झाला, प्रकार ७ वरून २१ झाले, आरक्षण ३ वरून ४ टक्के. या कायद्याच्या इंग्रजी नावात सरळ 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज' आहे, हिंदीत दिव्यांगजन. एकच कायदा, एका भाषेत व्यक्ती आणि दुसऱ्या भाषेत दिव्य. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं भारताचा आढावा घेताना हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. त्यावर इथं काही हललं नाही. महाराष्ट्रात शासन निर्णयांतून, आयुक्तालयाच्या पाटीवरून, ३ डिसेंबरच्या कार्यक्रमांच्या बॅनरवरून 'अपंग' पुसला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला.

या गडबडीत २०१६ च्या कायद्यातलं कलम ९२ मात्र दुर्लक्षित राहिलं. अपंग व्यक्तीचा चारचौघांत, अवमान करण्याच्या हेतूनं अपमान केला किंवा तिला धमकावलं तर ६ महिने ते ५ वर्षं कैद. नाव कोणतं ठेवायचं यापेक्षा नाव घेऊन काय केलं, याला हात घालणारं हे कलम आहे. जुलै २०२४ मध्ये एका चित्रपटाविरुद्धच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानंही असाच फरक केला. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगांना खाली ढकलणारा विनोद वेगळा. 'क्रिपल' किंवा 'स्पॅस्टिक'सारखे शब्द लोकांच्या मनात माणसाची किंमत कमी करतात, हेही न्यायालयानं नोंदवलं. बंदी मात्र कुठल्या शब्दावर घातली नाही.

दरम्यान ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांचं आपसात एकमत नाही आणि ते असायलाच हवं असं नाही. अनेक अंध मंडळी 'दृष्टिबाधित' पेक्षा 'अंध' म्हणा म्हणतात, बाधा कसली झाली आहे, भुताची? कर्णबधिरांतले कित्येक जण स्वतःला भाषिक अल्पसंख्याक मानतात, त्यांना 'सह' किंवा 'ग्रस्त' लावलेलं चालत नाही. काहींना आधी 'व्यक्ती' हवं, मग बाकीचं.

सरकारी दाखल्यात सध्या 'दिव्यांगत्वाचं प्रमाण' टक्क्यांत लिहिलेलं असतं. आरक्षणासाठी 'लक्षणीय दिव्यांगत्व' लागतं, म्हणजे किमान ४० टक्के. त्याहून कमी दिव्य असलेल्याला जागा नाही.