ऊन हवं, उष्णता नको

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं मशीन शॉप आहे. शेडच्या पत्र्यावर त्याने १०० किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवलाय. एप्रिलमध्ये भर दुपारी त्याचा फोन आला. "ऊन नुसतं भाजून काढतंय, आणि इन्व्हर्टरवरचा आकडा ८० किलोवॉटच्या पुढे सरकत नाही. पॅनेल खराब निघाली का रे?"

पॅनेल ठणठणीत होती. वीज उजेडापासून बनते. उष्णता उलट तिच्या मुळावर येते.

पॅनेल सिलिकॉनच्या अनेक छोट्या सेलनी बनतं. प्रत्येक सेलमध्ये दोन थर असतात, एकात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन. जिथे ते जुळतात तिथे आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाशकणाने अणूच्या बंधनातून सोडवलेला इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रामुळे एका बाजूला ओढला जातो, त्याची रिकामी जागा दुसऱ्या बाजूला सरकते. अशा साठलेल्या भारातून सेलला साधारण ०.६ व्होल्टचा दाब मिळतो. आता सेल तापला की स्फटिकाची थरथर वाढते, उजेडाशिवायही इलेक्ट्रॉन सुटू लागतात, आणि जोड ओलांडून माघारी फिरून रिकाम्या जागांत पडणारेही वाढतात. टाकीत पाणी तितकंच येतंय, पण तळाची गळती वाढली, तर पातळी खाली बसते. इथे प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, पातळी म्हणजे व्होल्टेज मात्र दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं, आणि त्यासोबत वॉटही.

पॅनेलवर छापलेले वॉट असतात २५ अंश तापमानाच्या सेलचे. तापल्या पत्र्यावर सेल सहज ६५ अंशांवर जातो. ४० अंशांचा फरक, दर अंशाला ०.३५ टक्के घट, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. उरलेली घट धुळीची आणि तारांतली. म्हणून पॅनेलखाली वारा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवायलाच हवी.

त्याच्या शेजाऱ्याने तर "दक्षिण यमाची दिशा" म्हणून पॅनेल उत्तरेकडे कलवली आहेत. नाशिक २० अक्षांश उत्तरेला आहे, वर्षातला बहुतेक काळ माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेलाच असतो. या भीतीपायी तो रोज युनिटं गमावतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खरी गंमत जानेवारीत. निफाडकडे पारा ५ अंशांवर उतरतो, तेव्हा हेच गणित उलटं फिरतं. ५० व्होल्टची १९ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक साखळीत, जोडली तर २५ अंशांना ९५० व्होल्ट भरतात. पण दर अंशाला ०.२८ टक्के वाढ धरली, तर गारठलेल्या सकाळी पहिलं ऊन पडताच १००३! इन्व्हर्टरची मर्यादा १०००ची असेल, तर तो जळू शकतो. मित्राच्या स्ट्रिंगमध्ये १८च पॅनेल आहेत.