पार्श्वभूमी: किशोरवयीन मातेचे वजन ‘पूर्ववत’ म्हणजे नेमके किती?

बाळंतपणानंतर वजन पूर्ववत व्हावे, असे सगळेच म्हणतात. तिशीतल्या बाईच्या बाबतीत या शब्दाला अर्थ आहे, कारण तिच्या शरीराची वाढ केव्हाच पूर्ण झालेली असते. पंधराव्या वर्षी दिवस गेले आणि सोळाव्या वर्षी आई झाली, अशा मुलीचे ‘पूर्वीचे’ वजन म्हणजे वाढत्या शरीराची वाटेत घेतलेली नोंद. मूल झाले नसते तरी वर्षभरात तिची उंची थोडी वाढली असती, अंग भरले असते. तिला जुन्या आकड्याकडे परत जायला सांगणे म्हणजे वाढच मागे घ्यायला सांगण्यासारखे आहे. या विषयातला बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत अरुंद कटीच्या स्त्रियांना कमी आहार देत. बाळ लहान राहिले तर सुटका सोपी होईल, हा हिशेब. पहिल्या महायुद्धातल्या अन्नटंचाईत तिथे गर्भारपणातले झटके कमी झाल्याचे दिसले आणि वजन आवळून धरण्याच्या सल्ल्याला बळ मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टर गरोदर स्त्रीला सात ते नऊ किलोंच्या वर जाऊ देत नसत. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समितीने हा निर्बंध चुकीचा ठरवून नऊ ते अकरा किलोंची शिफारस केली. या साऱ्या काळात चिंता बाळाच्या वजनाची होती. बाळंतिणीच्या अंगावर किती वजन उरते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या शिफारशी पहिल्यांदाच आईच्या गर्भारपणाआधीच्या बीएमआयशी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याशी, जोडल्या गेल्या. त्यातच एक वाक्य होते: कमी वयाच्या मुलींनी आपल्या गटाच्या वरच्या मर्यादेपर्यंत वजन वाढवण्याचा प्रयत्न करावा. कारण सरळ होते. किशोरवयीन मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचे प्रमाण जास्त असते.

याच सुमारास न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात झालेल्या कामाने हा सल्ला अवघड करून ठेवला. तोवर सर्वसाधारण समज असा की गर्भारपणात मुलीची वाढ थांबते, कारण मोजली तर उंची वाढलेली दिसत नसे. पण गरोदर असताना पाठीचा कणा दबतो, बाक वाढतो, आणि खरी वाढ त्यात लपते. संशोधकांनी उंचीऐवजी खास उपकरणाने गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजली. बऱ्याच मुली वाढतच होत्या. या मुलींचे वजन इतरांपेक्षा जास्त वाढले, प्रसूतीनंतर अंगावर जास्त उरले, आणि तरीही त्यांची बाळे वजनाने लहान होती. आईचे शरीर साठवलेली चरबी बाळासाठी मोकळी करत नव्हते, स्वतःकडे राखून ठेवत होते. माझ्या मते या विषयातला हा सर्वात महत्त्वाचा शोध. ‘जास्त खा म्हणजे बाळ मोठे होईल’ हा साधा हिशेब या मुलींना लागू पडत नाही, आणि त्याची किंमत बाळंतपणानंतर त्यांनाच मोजावी लागते.

२००९ मध्ये शिफारशी पुन्हा लिहिल्या गेल्या. वरच्या मर्यादेचे वाक्य गळले. पण त्या लिहिणाऱ्या समितीने एक निर्णय घेतला, ज्यावर आजही मतभेद आहेत: किशोरवयीन मुलींनाही प्रौढांच्याच बीएमआय सीमा लावायच्या. वाढत्या मुलींसाठी वयानुसार पर्सेंटाइलचे तक्ते, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलींत हिचा क्रमांक कितवा ते सांगणारे, उपलब्ध होते; अमेरिकेत २००० पासून, जागतिक पातळीवर २००७ पासून. ते बाजूला ठेवले गेले.

फरक किती पडतो, ते पाहा. नुकतीच पंधरा पूर्ण झालेली, १५५ सेंटिमीटर उंचीची, ५९ किलोची मुलगी घ्या. तिचा बीएमआय साधारण २४.६. प्रौढांच्या सीमेत (१८.५ ते २५) ती सामान्य, म्हणून तिला ११.५ ते १६ किलो वाढीचा सल्ला. अमेरिकेतल्या वयानुसारच्या तक्त्यात मात्र ती ८५ व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे जास्त वजनाच्या गटात; त्या गटाला सल्ला ७ ते ११.५ किलोंचा. त्याच उंचीची ४२ किलोची मुलगी प्रौढ मोजपट्टीवर कमी वजनाची ठरते, वयाच्या तक्त्यावर सामान्य. दोघींच्या बाबतीत प्रौढ मोजपट्टीचा सल्ला जास्त वाढीच्या बाजूलाच झुकतो.

समितीला हे ठाऊक होते. मुली हलक्या गटात मोजल्या जातील, पण कमी वयात थोडी जादा वाढ बाळाच्या हिताची असते, असे तिचे म्हणणे. शिवाय दवाखान्यात एकच तक्ता वापरणे सोपे. बाळाच्या बाजूने हा युक्तिवाद खोटा नाही. आईच्या बाजूने तो अपुरा आहे, कारण वरचे चार-पाच किलो प्रसूतीच्या दिवशी वारेबरोबर निघून जात नाहीत.

आणखी एक अडचण होती: गर्भारपणाआधीचे वजन बहुतेक अभ्यासांत मुलीच्या आठवणीवर अवलंबून असे. २००९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ती टळली. ते ज्या २,३७९ अमेरिकन मुलींच्या गटावर बेतले होते, त्यांची नवव्या-दहाव्या वर्षापासून दहा वर्षे प्रत्यक्ष मोजमापे घेतलेली होती. मूल न झालेल्या समवयस्क मुली तुलनेला असल्यामुळे नैसर्गिक वाढ वेगळी काढता आली. मूल झालेल्या मुलींचे वजन आणि कमरेचा घेर जास्त वाढलेला निघाला.

मदतीचे प्रयत्न उशिरा आले आणि आधी मोठ्या स्त्रियांकडून उसने घेतले गेले. स्तनपानाला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी लागतात. अंगावर पाजणाऱ्या, जास्त वजनाच्या स्त्रियांनी आठवड्याला अर्धा किलो कमी केले तरी बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही, असे २००० मध्ये एका छोट्या चाचणीत दिसले. मुलींना हे जसेच्या तसे लागू करता येत नाही. त्यांची हाडे अजून भरायची असतात. अमेरिकेच्या मानकांनुसार अठरा वर्षांपर्यंतच्या मातेला दिवसाला १,३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, प्रौढ मातेला १,०००. आहार आखडला की आधी तेच हुकते. त्यात प्रसूतीनंतर अनेकींना गर्भनिरोधक इंजेक्शन दिले जाते. काही मुलींचे वजन त्याने वाढते, आणि हाडांची घनता कमी होण्याबद्दल २००४ मध्ये अमेरिकेत त्यावर ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले.

खास किशोरवयीन मातांसाठीचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. शिकणाऱ्या मातांच्या घरी आधीपासून जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या भेटींतच आहार आणि हालचालीचा भाग गुंफला. नवी यंत्रणा उभी केली नाही. तीस राज्यांतल्या हजारावर मुली त्यात होत्या. आहारात फळे-भाज्या वाढल्या. वजनावरचा परिणाम मात्र प्रसूतीला बारा आठवडे उलटून गेलेल्या मुलींत दिसला, आणि नंतरच्या मोजणीपर्यंत तोही टिकला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. पहिले तीन महिने झोप, दूध आणि शाळेत परतण्याची ओढाताण यांतच जातात.

बाळंतिणीची तपासणी मात्र परंपरेने सहा आठवड्यांवर होते आणि तिथेच थांबते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांनी हा काळ बारा आठवड्यांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली. त्या प्रयोगात परिणाम दिसला, तो बारा आठवड्यांच्या पुढे.