नवरीचा खोपा आणि अजिंठ्याची भिंत

लग्नाचा सीझन आला की नवऱ्या मोबाईलवर फोटो घेऊन येतात, "ताई, अगदी जुना लूक पाहिजे, पेशवाई टाइप". मी नवरीचे केस करते, बरीच वर्षं झाली, आणि आता माझा पहिला प्रश्न हाच असतो की जुना म्हणजे किती जुना? शंभर वर्षं, अडीचशे वर्षं, का दीड हजार? कारण केस वर बांधायचे की मानेवर, फुलं गोल माळायची की एका बाजूला, गंगावन लावायचं की नाही, सगळं त्या उत्तरावर ठरतं. तर हे "जुनं" आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं ते सांगते.

सुरुवात अजिंठ्यापासून करायला लागते. १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांतली बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळातली. १७ नंबरात एक राजस्त्री आरसा हातात धरून उभी आहे, आजूबाजूला दासी, एकीच्या हातात चवरी, एकीच्या हातात तबक. तिथे गेलात ना तर गाईडच्या मागे पळू नका, नुसती डोकी बघत उभे राहा. मानेवर सैलसर बांधलेला अंबाडा, त्यात फुलं, कपाळावर मुद्दाम सोडलेल्या बटा, कुणाचे केस अर्धे बांधलेले अर्धे खांद्यावर, एकीसारखी दुसरी नाही. आणि १ नंबरात जी नाचणारी आहे तिने चक्क लांब बाह्यांचा अंगरखा घातलाय, म्हणजे पूर्वी शिवलेले कपडे नव्हतेच असं जे आपण ऐकत आलो ते काही खरं नाही.

ही चित्रं आपल्या डिझायनरांच्या हाती आली ती नकलांमुळे, आणि त्या नकलांची कहाणी वाचून मला दर वेळी गलबलून येतं. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी लेण्यांपर्यंत पोचला, पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल वर्षानुवर्षं तिथे राहून चित्रं उतरवत बसला, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून परत तेच काम करायला लागले, तर १८८५ मध्ये लंडनलाच लागलेल्या आगीत त्यातल्याही बऱ्याच गेल्या. उरल्या त्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये मोठे ग्रंथ निघाले. त्या विद्यार्थ्यांनी लेण्यातल्या अंधारात बसून एकेक काठ, एकेक पट्टा उतरवला, आपण त्यांचं देणं लागतो.

त्याच जे. जे. मध्ये पुढे कोल्हापूरची एक मुलगी शिकली, भानुमती राजोपाध्ये, म्हणजे सिनेमांचे कपडे डिझाइन करणाऱ्या आपल्या भानू अथैया. जन्म २८ एप्रिल १९२९, स्मिथ अजिंठ्याला पोचला त्याच्या बरोबर ११० वर्षांनी, योगायोगच. 'गांधी'साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना माहितीय, पण माझ्या मते त्यांचं अभ्यासाचं काम बघायचं तर १९६६ चा 'आम्रपाली' बघावा. त्यासाठी त्या अजिंठ्याला जाऊन आल्या, चित्रं बघितली आणि वैजयंतीमालाचे कपडे, दागिने, केस त्यातून उभे केले. आता आम्रपाली बुद्धाच्या काळातली, अजिंठ्याची चित्रं त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी काढलेली. याला काहीजण चूक म्हणतात, मला नाही पटत, कारण बुद्धाच्या काळातल्या कपड्यांचं असं एकही चित्र आपल्याकडे उरलेलं नाही, मग रंगातला धड पुरावा जिथे आहे तिथेच जायला लागणार ना.

आणि चित्रात दिसतं ते वरचं, ते अंगावर टिकतं कसं ते चित्र सांगत नाही, ते करणाऱ्याला शोधायला लागतं. १९६८ च्या 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजची नारिंगी साडी नाचताना जागची हलत नाही, कारण भानूताईंनी ती आधीच शिवून तिला चेन लावली होती.

पण आपल्या डोळ्यांत बसलेलं सगळंच जुनं इतकं जुनं नसतं. लोणावळ्याजवळ मळवली स्टेशनला उतरलात की एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाजे. कार्ल्याच्या दारावर जोडपी कोरलीयत, पुरुषांच्या पागोट्याला पुढे मोठी गाठ, बायकांच्या कानात जड दागिने, कमरेला मेखला, आणि साडी कुठेच नाही. आणि याच मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, १८९४ ला मुंबईत निघाला आणि १८९९ मध्ये इकडे आला. घरोघरच्या भिंतीवर काठापदराच्या साडीतली लक्ष्मी-सरस्वती लावली ती अशा छापील चित्रांनी. म्हणजे ज्याला आपण अगदी पुराणकाळातला लूक म्हणतो तो बऱ्याचदा आपल्या पणजीच्या काळातला असतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

गेल्या सीझनला एका नवरीने आजीच्या लग्नाचा फोटो आणला, मधोमध भांग, चापून बसवलेले केस, मानेवर अंबाडा, शेवंतीची वेणी. मी हुबेहूब केलं असं मला वाटत होतं पण अंबाडा सारखा खाली घसरत होता, पिना लावून लावून थकले. आजी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, आत आगवळ कुठंय? आधी पेड आगवळाने आवळायचे, मग गुंडाळायचं." आगवळ, म्हणजे केस बांधायची दोरी, काही फोटोत दिसत नव्हतं. माझ्या पेटीत जाड काळा गोंडा होता तो घेतला, सगळं सोडलं आणि आजींनी स्वतः पहिला पेड घालून दिला. अंबाडा पाठवणीपर्यंत हलला नाही, पिना लागल्या चार.