कोबीचा काय गुन्हा?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर टीएसएचचा (थायरॉइड ग्रंथी मंदावली की वाढणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा ठळक अक्षरात आला, की पहिली कुऱ्हाड कोबीवर पडते. मग फ्लॉवर, मुळा, सोयाबीन. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पथ्याची यादी फिरतच असते, त्यात कुणाची तरी मावशी शेंगदाणे आणि बाजरीही घालते. पुण्यात हल्ली आणखी एक खूळ आलं आहे: आयोडीनचं मीठ ‘केमिकलवालं’ म्हणून बाद, त्याच्या जागी गुलाबी सैंधव. म्हणजे जे निरुपद्रवी ते बंद आणि जे हवं तेही बंद. मुलीला थायरॉइडच्या गोळीचं विचारावं तर ती सांगते, “गोळी ना? चहाबरोबर घेते की.” तिकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

कोबीवरचा आळ अगदीच हवेतला नाही. १९२८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ॲलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर वेगळ्याच रोगाचा अभ्यास करत होते. सशांचा मुख्य आहार कोबी. काही महिन्यांत सशांना गलगंड झाले. तेव्हापासून कोबीच्या कपाळी हा डाग लागला. पण ससा कोबीवर जगतो आणि आपण आठवड्यातून दोनदा वाटीभर भाजी खातो, हा फरक यादी करणाऱ्यांच्या लक्षात राहिला नाही.

कोबी नेमकं करतो काय, हे कळायला थायरॉइड ग्रंथीच्या पेशीत शिरावं लागेल. रक्तात आयोडाइड, म्हणजे आयोडीनचं रक्तातलं रूप, अगदी नगण्य असतं. गळ्यातली थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी आपली संप्रेरकं बनवायला ते वेचून स्वतःकडे रक्ताच्या वीस ते चाळीसपट साठवते. हे काम पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन करतं, सोडियम-आयोडाइड वाहक. त्याचं जनुक १९९६ साली हाती लागलं. या वाहकाला स्वतःचं इंजिन नाही. पेशी ऊर्जा खर्चून सतत सोडियम बाहेर फेकत असते, त्यामुळे बाहेर सोडियमची दाटी होते आणि ते आत घुसायला बघतं. वाहक दोन सोडियम आत सोडतो आणि त्यांच्यासोबत एक आयोडाइड आत येतं. पीएमपीच्या बसमधल्या गर्दीत दारातून रेटा देणाऱ्या दोघांच्या मधे सापडलेला तिसरा जसा पाय न उचलता आत पोचतो, तसं. मला हा वाहक भलताच आवडतो, कारण किरणोत्सारी आयोडीनचे उपचारही याच दारातून होतात.

आता कोबी. त्याच्या पेशीत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं असतात आणि वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम). कोबी चिरला की दोघांची गाठ पडते आणि जे पदार्थ तयार होतात त्यांतून पुढे थायोसायनेट मिळतं. आकार आणि विद्युतभार या दोन्ही बाबतींत ते आयोडाइडसारखंच, त्यामुळे वाहक फसतो आणि आयोडाइडची जागा थायोसायनेट अडवतं. कढईत परतलं, शिजवलं की मायरोसिनेज निकामी होतं. मग थायोसायनेट बरंच कमी बनतं.

आत आल्यावर आयोडीनचं पुढे काय होतं तेही सांगून टाकतो. किचकट वाटलं तर हा परिच्छेद खुशाल सोडा. थायरॉइड पेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने आयोडीनला थायरोग्लोब्युलिन या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवतं. एका टायरोसिनवर एक किंवा दोन. दोन-दोनवाले जोडले गेले की टी-४, एक आणि दोनवाले जोडले गेले की टी-३. हीच थायरॉइडची संप्रेरकं. बाजरीतले फ्लेवोनॉइड अडथळा आणतात तो इथे. सुदानच्या दारफूरमधल्या गलगंडाच्या संदर्भात बाजरीचं नाव आलं ते यामुळे. पण तिथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनचा तुटवडा. या विकराला लोहही लागतं, म्हणून रक्त कमी असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन बघणं हे कोबी बंद करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

थोडक्यात, थायोसायनेट भरपूर आणि आयोडीन अपुरं असेल तरच वाहकाची खरी फसगत होते. २०१० साली एका ८८ वर्षांच्या बाईंची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मधुमेह आटोक्यात राहावा म्हणून त्या कित्येक महिने रोज किलो-दीड किलो बोक-चॉय, म्हणजे कोबीचीच चिनी बहीण, कच्ची खात होत्या. थायरॉइड पार मंदावून त्या बेशुद्धावस्थेच्या टोकाला जाऊन दवाखान्यात पोचल्या. आपल्याकडची कोशिंबीर त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात किशोरवयीन मुलींची थायरॉइड मंदावते ती बहुतेक वेळा हाशिमोटोच्या आजाराने. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी तो १९१२ साली वर्णन केला. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. उपचार म्हणून दिली जाणारी गोळी म्हणजे तयार टी-४, ग्रंथी बनवते तेच संप्रेरक, चारही आयोडीन आधीच जोडलेले. यकृत, मूत्रपिंड वगैरे अवयव त्यातलं एक काढून टी-३ बनवतात. म्हणजे वाहकाच्या दाराची गरजच उरत नाही. ज्या वाटेवर कोबी उभा आहे, ती वाटच गोळीने टाळलेली आहे. ग्रंथी अजून थोडंफार काम करत असली, तरी उरलेलं भागेल असाच डोस डॉक्टर ठरवतात.

मग पथ्य कशाचं? वेळेचं. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, नाश्ता काही नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. सोयाबीनची हरकत असलीच तर ती इथे, गोळीच्या शोषणात. सकाळी सहाच्या बॅचला धावणाऱ्या मुलीला हे जमणार नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. बाटली ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नये. उष्णता आणि दमट हवा दोन्ही तिला मानवत नाहीत.

टी-४ चं अर्धआयुष्य, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे सात दिवस. म्हणून एखादी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, आणि डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी तपासणीही कामाची नसते. याच्या उलट, महिनाभर टाळाटाळ करून रक्त द्यायच्या आठवड्यात मन लावून गोळ्या घेतल्या, तर टी-४ सुधारलेला दिसतो आणि टीएसएच चढलेलाच राहतो. डॉक्टर ही जोडी ओळखतात. घरी त्यावरून पंचनामा करू नये, गोळी रोज नजरेस पडेल अशा कोरड्या जागी ठेवावी. टीएसएचच्या आकड्यानेही घाबरून जाऊ नये. टी-४ निम्मा झाला तर टीएसएच जवळपास शंभरपट चढू शकतो. ६० म्हणजे ६ च्या दहापट आजार असा हिशेब नसतो.

मिठाबद्दल दोन शब्द. आपल्या देशात घरात पोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून केलेल्या कामातून हे मीठ घराघरांत आलं. सैंधव एकादशीला खा हवं तर, पण घरातल्या सगळ्यांचं रोजचं मीठ तेच केलं तर भावंडांचं आयोडीन कमी होईल. उलट टोकाला समुद्रशेवाळाच्या कॅप्सूलही नकोत. अति आयोडीनने आजारी ग्रंथी आणखी मंदावते.

सर्वांगासनाने थायरॉइड ‘मुळापासून’ जातो असं छातीठोकपणे सांगणारे या शहरात पैशाला पासरी आहेत. आसन जरूर करावं, पण मान दुमडल्याने ग्रंथीवर उलटलेल्या अँटीबॉडी पळून जात नाहीत. आणि त्याच दमात कुणी अश्वगंधाचं चूर्ण हातात ठेवलं, तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नये. अश्वगंधाने थायरॉइड संप्रेरकाची पातळी वर ढकलल्याच्या नोंदी आहेत.

वजनाचं खापर थायरॉइडवर फोडणं सोपं असतं. प्रत्यक्षात मंद थायरॉइडने वाढणारं वजन सहसा थोडकं, आणि त्यात पाणी-मिठाचा वाटा मोठा. खरी खूण उंची. दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या दोन रेघा वर्षभरात चिकटून आल्या आणि मुलगी मात्र जाड होत गेली, तर थायरॉइड तपासावा. नुसत्या खाण्याने जाड झालेली मुलं वयाच्या मानाने बहुधा उंचच असतात, आणि त्यांचा किंचित वाढलेला टीएसएच पुष्कळदा जाडीचा परिणाम असतो, कारण नव्हे.

केस गळतात म्हणून मुली बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, त्याही आईला न सांगता. बायोटिन काही प्रयोगशाळांच्या तपासणीत लुडबुड करतं आणि टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त दाखवतं. रक्त घ्यायला माणूस येण्याआधी निदान दोन दिवस ते बंद हवं, आणि त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त देऊन झाल्यावर.