मौखिक इतिहासाचे सार्वजनिक सादरीकरण

एखाद्या वस्तीतील, व्यवसायातील किंवा विस्थापित समूहातील लोकांनी सांगितलेल्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्या पुस्तक, नभोवाणी, प्रदर्शन, नाटक, माहितीपट, संकेतस्थळ अशा माध्यमांतून सर्वांसमोर, आणि मुख्यतः त्या समूहासमोर, मांडण्याची पद्धती.

अमेरिकी इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे काम सुरू केले, तेव्हा टंकलिखित प्रत हेच प्रमाण साधन मानले जाई आणि ध्वनिफीत पुसून पुन्हा वापरली जाई. लेखी प्रत चाळायला सोपी असली, तरी तिच्यात बोलणाऱ्याचा सूर उतरत नाही : ‘तुम्ही घर आपखुशीने सोडले का?’ या प्रश्नावर बराच वेळ थांबून दिलेला ‘हो’ कागदावर निव्वळ होकार ठरतो, आवाजात मात्र तो ऐकणाऱ्याला थबकवतो. त्यामुळे आज मूळ ध्वनिमुद्रण जपून, जमल्यास त्याच्या सोबतच लेखी प्रत देतात.

प्रदर्शनाचे माध्यम याहून वेगळे काम करते. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही विविध वंशांची मिश्र वस्ती १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाली आणि पुढील वर्षांत सुमारे साठ हजार रहिवाशांना तेथून हुसकावण्यात आले. १९९४ मध्ये उघडलेल्या तेथील संग्रहालयात जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरला असून, माजी रहिवाशांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी नावे लिहिली. बघायला आलेला माणूस इथे स्वतःच निवेदक, म्हणजे आठवण सांगणारा, होतो. छापील पुस्तकाला हे साधणे अवघड.

आठवण आणि कागदपत्रे यांचा मेळ बसत नसेल, तर चूक गुपचूप दुरुस्त करणे हा सादरकर्त्याचा सर्वांत मोठा मोह असतो. इटलीतील तेर्नी येथे पोलादकामगार लुइजी त्रास्तुल्ली १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला; मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांच्याशी बोलताना मात्र अनेकांनी ही घटना १९५३ च्या कामगारकपातीशी जोडली. हे चुकलेले सालच कपातीचा घाव किती खोल होता ते सांगते. म्हणून दोन्ही साले शेजारी शेजारी ठेवणे योग्य.

मुलाखतीला दिलेली संमती प्रक्षेपणाला दिलेली संमती ठरत नाही. माध्यम बदलले, की निवेदकाला पुन्हा विचारावे लागते, कारण खोलीत चार जणांसमोर सांगितलेली शेजाऱ्याची गोष्ट संकेतस्थळावर शेजाऱ्याच्या नातवालाही ऐकू येते. उत्तर आयर्लंडमधील संघर्षात सहभागी असलेल्यांनी अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या मौखिक इतिहास प्रकल्पात, आपण जिवंत असेपर्यंत ध्वनिफिती उघड होणार नाहीत या भरवशावर मुलाखती दिल्या होत्या. पण २०११ पासून अमेरिकी न्यायालयांमार्फत त्यांतील काही फितींची मागणी झाली आणि त्या पोलिसांच्या हाती गेल्या. याउलट ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू या आदिवासी समाजासोबत घडवलेल्या मुकुर्तू या संगणकप्रणालीत कोणती सामग्री कोणी पाहावी, याचे नियम तो समाजच ठरवतो.