रिळाच्या डब्यातून आंबट वास येतो तेव्हा

‘फोर-के, एआय रिस्टोअर्ड’ अशी पाटी लावून जुन्या हिंदी विनोदी संगीतपटांची गाणी हल्ली मोबाइलवर फिरत असतात. त्यातली बरीचशी जुन्या डीव्हीडीवरून उचललेली असतात. डीव्हीडीच्या एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ बिंदू, तर फोर-केची नुसती रुंदीच सुमारे चार हजार बिंदूंची. मधले बिंदू संगणक अंदाजाने भरतो. मग नायिकेच्या चेहऱ्यावरची कातडी गुळगुळीत होते आणि साडीचा पोत नाहीसा होतो. याला पुनरुज्जीवन म्हणून खपवणे ही लोकांची फसवणूक आहे. खरे काम फिल्मपासून सुरू होते, आणि आपल्या भागात फिल्मचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पावसाळ्यातली हवा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जत्रांच्या दिवसांत तंबूतला सिनेमा लागायचा. त्या काळातले एखादे ३५ किंवा १६ मिलिमीटरचे रीळ कुणाच्या माळ्यावर सापडले, डबा उघडला आणि आंबट वास आला, की घरातले म्हणतात, ‘दमट झालंय, उन्हात टाका.’ हा सल्ला घातक आहे. तो वास दमटपणाचा नाही, बुरशीचाही नाही. ते ॲसेटिक आम्ल आहे, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, आणि ते खुद्द फिल्ममधून बाहेर पडत असते.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पेट घेणारी नायट्रेट फिल्म मागे पडली आणि सेल्युलोज ट्रायॲसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म रूढ झाली. सेल्युलोज म्हणजे कापसातला, लाकडातला तंतू; त्याच्या लांब साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज घटकाला ॲसिटिल गट नावाचे जवळजवळ तीन छोटे अणुसमूह जोडले, की ही पारदर्शक पट्टी तयार होते. हवेतले पाणी पट्टीत शिरले, की त्याचा रेणू एखादा ॲसिटिल गट तोडतो. तुटलेल्या गटाचे ॲसेटिक आम्ल होते. हे आम्ल पुढचे गट तोडण्याच्या क्रियेला वेग देते आणि त्यातून आणखी आम्ल तयार होते. दुधाला विरजण लागल्यावर जसे आधी काहीच दिसत नाही आणि मग भराभर दही होते, तसेच इथे घडते. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. आम्लाचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की आलेख एकदम उभा चढतो. पुढे आम्ल सेल्युलोजची साखळीसुद्धा तोडू लागते. पट्टी आकसते, कडक होते, शेवटी मोडते. तिच्यावरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मात्र तेवढा आकसत नाही, म्हणून तो सुटून त्याच्या नागमोडी घड्या पडतात. पट्टी मऊ राहावी म्हणून मिसळलेले द्रव्य पांढऱ्या भुकटीसारखे वर येते आणि लोक त्यालाच बुरशी समजून पुसत बसतात.

नवीन ॲसिटेट फिल्म २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवली, तर हा उभा चढ सुरू व्हायला सुमारे ४० वर्षे लागतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे तर पावसाळ्यात कपाटातले कपडेही वाळत नाहीत. त्यात कौलाखालचा किंवा पत्र्याखालचा माळा एप्रिलमध्ये तापतो, आणि उष्णतेनेही हीच क्रिया वेगाने होते. घट्ट झाकणाच्या डब्यात आम्लाची वाफ कोंडते आणि गंजलेल्या डब्यातले लोह तिला हातभार लावते. शेजारी निरोगी रीळ असेल, तर ही वाफ त्यालाही लागते.

त्यामुळे आंबट रीळ आधी वेगळे करावे. डबा हवेशीर जागी, नायट्राइलचे हातमोजे घालून उघडावा. आम्ल मोजायला ए-डी नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. एक पट्टी रिळासोबत डब्यात घालून साध्या तापमानाला २४ तास झाकण लावून ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर क्रिया सुरू आहे, पिवळी झाली तर प्रत काढायला आता उशीर करून चालणार नाही. मग आकसणे मोजावे. ३५ मिलिमीटरच्या नव्या प्रिंटमध्ये दोन भोकांमधले अंतर ४.७५ मिलिमीटर असते. पहिल्या भोकाच्या कडेपासून १०१ व्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत पट्टी सपाट ठेवून मोजली, की ४७५ मिलिमीटर यायला हवेत. ४७० आले, तर फिल्म एक टक्क्याहून थोडी जास्त आकसली. अशी फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नये. दातेरी चाकाचे दात भोकांत नीट बसत नाहीत आणि भोके फाटत जातात. ‘एकदा लावून बघू’ म्हणून कित्येक प्रिंट याच पायरीवर संपतात. अशा फिल्मसाठी दाते नसलेला, रबरी रुळांवर पट्टी सरकवणारा स्कॅनर लागतो. खरी बुरशी असेल, तर पाणी लावू नये. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्रच धुऊन जाते.

स्कॅन करताना पट्टीच्या पाठीवरचे ओरखडे घालवण्यासाठी ती परक्लोरोइथिलीन नावाच्या द्रवात भिजवून दिव्यासमोर नेतात. या द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.५० च्या आसपास आणि फिल्मचा १.४८, म्हणून भरलेल्या ओरखड्यावर प्रकाश वळत नाही आणि ओरखडा दिसेनासा होतो. चित्राच्या थरावरचा खोल ओरखडा मात्र असा जात नाही. फोर-केत स्कॅन केलेली एक चौकट साठवायला सुमारे ५१ मेगाबाइट लागतात. सेकंदाला २४ चौकटींप्रमाणे अडीच तासांच्या चित्रपटात २ लाख १६ हजार चौकटी, म्हणजे ११ टेराबाइट.

विनोदी संगीतपटाचा जीव आवाजात असतो, आणि तिथे एक पेच असतो. ध्वनीची रेघ चित्राच्या कडेलाच छापलेली असते, पण त्या-त्या चित्राच्या २१ चौकटी पुढे, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी चित्राच्या दिव्यासमोरून आणि मग ध्वनी वाचणाऱ्या भागातून जाते. ऑपरेटरने फाटलेल्या १२ चौकटी कापून सांधा मारला, की पडद्यावर आधी चित्र उडते आणि आवाज साधारण ०.९ सेकंदाने उडतो. तेवढा वेळ ओठ आणि शब्द जुळत नाहीत. गाण्यात अर्धा सेकंद म्हणजे ठेका चुकला, आणि विनोदात तोच अर्धा सेकंद हशा घालवतो. रेकॉर्डवरून ठिगळ लावायचे म्हटले, तर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावायची. चित्रपटात गाणे लांब असले, तर जादा कडवे तिच्यावर नसतेच. म्हणून वेगवेगळ्या प्रिंट गोळा करून प्रत्येक सांध्याची नोंद ठेवावी लागते. एकीत तुटलेले दुसरीत शाबूत असू शकते, आणि माळ्यावरच्या खराब रिळाला किंमत आहे ती यासाठीच.

तोवर रीळ घरातल्या सगळ्यात कोरड्या, थंड खोलीत, जमिनीपासून वर, आडवे ठेवावे. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचेच असेल, तर ते जानेवारी-फेब्रुवारीत करावे. जुलैत पिशवी बंद केली, तर आपण आत पाणीच बंद करतो. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे रीळ नायट्रेटचे, म्हणजे पेट घेणारे, असू शकते. ते हाताळू नये, पार्सलने पाठवू नये, थेट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.

प्रत तयार झाली, की लगेच सगळीकडे टाकायची घाई नको. भारतात चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’ची मुदत त्यामुळे २०१८ अखेर संपली. पण चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे. ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. संगीतकार सचिन देव बर्मन १९७५ मध्ये गेले, गीतकार मजरूह सुलतानपुरी २०००मध्ये. म्हणजे चालींचा हक्क २०३५ अखेरपर्यंत आणि शब्दांचा २०६० अखेरपर्यंत. गणेशोत्सवात मंडपात पडदा लावायचा असेल, तरी गाण्यांच्या परवानगीची चौकशी आधी करून ठेवावी.