आतड्याचा बायपास आणि कर्करोगाची शंका: पार्श्वभूमी

वजन उतरवण्यासाठी लहान आतड्याचा बहुतेक भाग अन्नाच्या वाटेतून वगळण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच आतड्याचा बायपास, अमेरिकेत मिनेसोटात १९५४च्या सुमारास पुढे आली. पुढे रूढ झालेल्या एका पद्धतीत आतड्याचे सुरुवातीचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडत. मधले सगळे आतडे पोटातच, पण निकामी. वजन उतरे, पण मागोमाग जुलाब, मुतखडे आणि यकृताचे दुखणे येई. १९८०च्या आसपास पद्धत मागे पडली. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली.

कर्करोगाची शंका आली ती पित्तावरून. एरवी पित्ताम्लांपैकी (पित्तातल्या, चरबी पचवायला मदत करणाऱ्या आम्लांपैकी) सुमारे ९५ टक्के लहान आतडे परत शोषून घेते. बायपासनंतर ती जास्त प्रमाणात मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांचे रूप बदलतात आणि अस्तराला ती झोंबतात. कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांत बायपासनंतर गाठी जास्त झाल्या. १९८८मध्ये ब्रिटनमध्ये अशा रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरातल्या पेशी जास्त वेगाने वाढताना दिसल्या. वेगाने वाढणाऱ्या पेशी म्हणजे कर्करोग नव्हे, हे मात्र पुढच्या चर्चेत बरेचदा गळून जाते.

खरा वाद २०१३च्या स्वीडिश नोंदींवरून पेटला. १९८० ते २००९मध्ये लठ्ठपणावरची कोणतीही शस्त्रक्रिया झालेल्या १५,०९५ जणांत मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग सर्वसाधारण लोकसंख्येच्या १.६ पट, तर दहा वर्षांनंतर दुप्पट आढळला. आकडा चपखल, म्हणून मथळ्यांत बसला. पण तुलना कोणाशी? लठ्ठपणा स्वतःच हा धोका वाढवतो. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठांत तो १.२६ पट होता, आणि काळानुसार वाढत नव्हता. म्हणजे फरक उरतो, पण मथळ्याने दाखवला तेवढा नाही. शिवाय या काळातल्या बहुतेक शस्त्रक्रिया जठरावरच्या. जुन्या आतड्याच्या बायपासचा निवाडा त्यांतून काढणे ओढूनताणून होते.

२०२०मध्ये फ्रान्सच्या दहा लाखांहून अधिक लठ्ठ लोकांच्या नोंदींत उलटे चित्र दिसले: शस्त्रक्रिया झालेल्यांचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येइतकाच, न झालेल्यांचा जास्त. मात्र तिथला सरासरी पाठपुरावा सहा वर्षांहून कमी होता. स्वीडनमधली दुपटीची वाढ दहा वर्षांनंतरची आहे.